मॅग्नेटाइटमधून व्हॅनेडियम: सोड्याबरोबर भाजण्यापासून पिवळ्या भुकटीपर्यंत

व्हॅनेडियम हा धातू दगडातून पाण्यात विरघळवून काढतात, असे नवख्याला सांगितले की त्याचे सगळे लक्ष पाण्याकडे जाते. तापमान किती, ढवळायचे किती, आम्ल घालायचे का, असे प्रश्न सुरू होतात. खरे तर पाण्यात किती उतरणार, हे त्याआधीच भट्टीत ठरलेले असते. भाजणे नीट झाले असेल तर साध्या गरम पाण्यातही व्हॅनेडियम निमूटपणे उतरते. ते बिघडले असेल, तर पाण्यात दिवसभर ढवळूनही हाती काही लागत नाही. म्हणून या लेखात निम्मी जागा भट्टीला दिली आहे.

उदाहरण घेतले आहे व्हॅनेडियमयुक्त टायटॅनोमॅग्नेटाइटचे, म्हणजे टायटॅनियम असलेल्या मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे. दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड, चीनमधील पानझिहुआ, रशियात उरल पर्वतातील कच्कानार, ब्राझीलच्या बाहिया राज्यातील माराकास ही त्याची नावाजलेली ठिकाणे. भारतातही ओडिशा, झारखंड, कर्नाटक आणि महाराष्ट्रात असे दगड नोंदलेले आहेत, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत व्हॅनेडियम आहे. जगातले बरेचसे व्हॅनेडियम मात्र थेट दगडातून येत नाही. आधी लोखंड वितळवतात, व्हॅनेडियम धातूच्या मळीत, म्हणजे स्लॅगमध्ये, गोळा होते आणि मग ती मळी भाजतात. मळीत व्हॅनेडियम कितीतरी जास्त असते, पण पुढची रीत बहुतांशी हीच.

खालची मापे प्रयोगशाळेतील एका फेरीची आहेत: २०० ग्रॅम सांद्रित (कॉन्सन्ट्रेट), म्हणजे चुंबकाने वेगळे काढलेले मॅग्नेटाइट, आणि त्यात १.६ टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे शेवटी मिळणारा पिवळा ऑक्साइड. म्हणजे आपल्या हातात एकूण ३.२ ग्रॅम पेंटॉक्साइड आहे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी याच्याशी ताडून पाहायची आहे.

दगड समजून घ्या

मॅग्नेटाइटमध्ये व्हॅनेडियमचे वेगळे कण नसतात. ते लोखंडाच्या जागी, स्फटिकाच्या चौकटीतच बसलेले असते आणि तेही त्रिसंयुजी, म्हणजे ऑक्सिजन कमी घेतलेल्या, रूपात. या रूपात ते पाण्याला दाद देत नाही. त्याला आणखी ऑक्सिजन देऊन पंचसंयुजी करायचे आणि त्याच वेळी शेजारी सोडियम हजर ठेवायचा, म्हणजे सोडियम मेटाव्हॅनेडेट बनते. तो क्षार गरम पाण्यात सहज विरघळतो. भाजण्याचा उद्देश एवढाच: ऑक्सिजन आत पोचवणे आणि सोडियम जवळ ठेवणे.

दगड फोडून दळा. ८० टक्के माल ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेला पाहिजे. हाताला तो वस्त्रगाळ पिठासारखा लागतो. मग ओल्या अवस्थेत कमी ताकदीच्या चुंबकाने मॅग्नेटाइट वेगळे करा. डेव्हिस ट्यूब, म्हणजे चुंबकांमध्ये धरलेली पाण्याची काचनळी, दहावीस ग्रॅमच्या चाचणीला उत्तम, पण २०० ग्रॅम जमवायचे तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कायमचुंबक आणि पाण्याची बादली बरी पडते. पिशवी बाहेर काढून चुंबक ओढून घेतला की माल सुटतो. असे दोनदा-तीनदा करा, कारण पहिल्या खेपेला चुंबकाला चिकटलेल्या मॅग्नेटाइटच्या गुच्छात वाळू अडकून येते.

ही वाळू, म्हणजे सिलिका, या कामातली सर्वात मोठी चोर आहे. सांद्रितात ती २ टक्के असली तर २०० ग्रॅममध्ये ४ ग्रॅम झाली. तेवढ्या सिलिकेचे सोडियम सिलिकेट व्हायला सुमारे ७ ग्रॅम सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, लागते. आपल्या सगळ्या व्हॅनेडियमला लागणारी सोडा ॲश किती? १.९ ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे व्हॅनेडियमच्या जवळजवळ चौपट सोडा वाळू खाऊन टाकू शकते. वर तिची काच बनते, ती कणांवर पसरते आणि ऑक्सिजनची वाट अडवते. त्यामुळे सिलिका २ टक्क्यांच्या वर असेल तर सोडा वाढवण्याआधी पुन्हा दळा आणि पुन्हा चुंबक फिरवा. ही मेहनत नेहमी स्वस्त पडते.

चुन्याचे दुखणे निराळे. कॅल्शियम व्हॅनेडेट पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे भाजणे उत्तम होऊनही गाळून आलेल्या पाण्यात व्हॅनेडियम दिसत नाही. रशियातील तुला येथे हाच अडथळा रीत म्हणून वापरला गेला: मळी मुद्दाम चुन्याबरोबर भाजायची आणि पाण्याऐवजी सौम्य गंधकाम्लाने काढायची. आपण सोड्याच्या वाटेने चाललो आहोत, तेव्हा चुना नको.

मिश्रण

तीन क्षार वापरात आहेत. मीठ स्वस्त आणि ८०१ अंश सेल्सिअसला वितळणारे, म्हणून कमी तापमानात काम करते, पण क्लोरीन आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते. वायू धुऊन काढणाऱ्या चांगल्या स्क्रबरशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका. सोडियम सल्फेट फार वरच्या तापमानाला काम देते, कारखान्यातील गोल फिरणाऱ्या भट्टीत ११०० अंशांच्या पुढे, आणि गंधकाचे ऑक्साइड बाहेर टाकते. सोडा ॲश ८५१ अंशांना वितळते आणि फक्त कार्बन डायऑक्साइड सोडते. शिकणाऱ्याने सुरुवात हिच्यापासूनच करावी.

सोडा ॲश २०० अंशांवर तासभर वाळवून घ्या, कारण ती हवेतला ओलावा ओढते आणि मग वजन खोटे पडते. खलात बारीक करा. २०० ग्रॅम सांद्रिताला १२ ग्रॅम, म्हणजे ६ टक्के घाला. हिशेबाने व्हॅनेडियमला १.९ ग्रॅम पुरते, मग सहापट कशाला? वाळूचा वाटा वर पाहिलाच. शिवाय ॲल्युमिनियम, क्रोमियम, थोडे टायटॅनियम आणि लोखंडही सोड्यावर हक्क सांगतात. पण ८ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. जादा सोड्याने माल पाकासारखा चिकट होतो, ताटलीला धरतो, आणि पाण्यात सिलिका व ॲल्युमिना ओढून आणतो.

दोन्ही पुड्या बंद डब्यात घालून अर्धा तास फिरवा. पांढरे ठिपके दिसत असतील तर मिश्रण झालेले नाही.

ताटली कोणती, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा तो नाही. पोर्सेलिनला आणि साध्या मातीच्या मुशीला सोडा खातो. स्टेनलेस स्टीलमधून क्रोमियम मालात येते आणि पुढे तेच आपला घात करते. घट्ट ॲल्युमिनाची सपाट ताटली घ्या. १० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या ताटलीत हे मिश्रण साधारण एक सेंटिमीटर जाड पसरते. याहून जाड थर नको.

भाजणे

हिशेब करून पाहा. मॅग्नेटाइटचे हेमेटाइट होताना वजन ३.४५ टक्क्यांनी वाढते. सांद्रितात ८५ टक्के मॅग्नेटाइट धरले तर १७० ग्रॅमला ५.९ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि व्हॅनेडियमचा वाटा धरून सहा ग्रॅमच्या थोडा वर. हा खोलीच्या तापमानाला साडेचार लिटरहून जास्त ऑक्सिजन झाला, म्हणजे बावीस-तेवीस लिटर हवा. आणि ५ लिटरच्या मफल भट्टीत, म्हणजे पेटीसारख्या बंद भट्टीत, दार बंद असताना ऑक्सिजन असतो जेमतेम एक लिटर, तोही थंड असताना. दार घट्ट लावून 'दोन तास भाजले' असे वहीत लिहिणाऱ्याचे उत्पादन का घसरते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. भट्टीच्या मागच्या छिद्रातून ॲल्युमिनाची नळी घालून मिनिटाला २ ते ३ लिटर हवा सोडा. तशी सोय नसेल तर दार बोटभर उघडे ठेवा आणि तापमान टिकते का ते पाहा.

भट्टी तासाभरात ७०० अंशांवर न्या आणि अर्धा तास तिथेच थांबा. घाई असली तरी हा थांबा गाळू नका. या टप्प्यावर सोडा अजून कोरडा असतो आणि मॅग्नेटाइट हवा घेऊन लाल होत जाते. थेट १००० अंशांवर गेलात तर सोडा आधी वितळतो, कणांवर लेप बसतो आणि आतले व्हॅनेडियम हवेविना राहते. ७०० वर एकदा ढवळा, मग १००० अंशांवर नेऊन दोन तास ठेवा.

या दोन तासांत दर वीस मिनिटांनी ॲल्युमिनाच्या कांडीने माल उलटापालटा करा. शेंगदाणे भाजताना हात थांबवला की खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात, इथेही तसेच होते. दार उघडल्यावर तापमान पन्नासेक अंशांनी पडले तरी चालेल. तोंडावर ढाल, हातात उष्णतारोधक मोजे, आणि हे सगळे धूर ओढणाऱ्या हूडखाली.

तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा मोह होतो. ११०० च्या आसपास सोड्याने भरलेल्या आणि सिलिका असलेल्या मालाच्या गाठी होऊ लागतात. गाठ फोडून पाहा: बाहेर लाल, आत काळी. हा काळा गाभा म्हणजे न भाजलेले मॅग्नेटाइट, आणि त्यातले व्हॅनेडियम गेले ते गेलेच.

दोन तास झाले की ताटली बाहेर काढून विटेवर निववा. भट्टी बंद करून रात्रभर आतच ठेवणे टाळा. सोडियम कमी पडलेल्या ठिकाणचे वितळलेले व्हॅनेडेट सावकाश थंड होताना ऑक्सिजन परत सोडते आणि व्हॅनेडियम ब्राँझ नावाची संयुगे तयार होतात. नाव ब्राँझ असले तरी त्यांचा कांस्याशी काही संबंध नाही. ती पाण्यात विरघळत नाहीत.

पाण्याला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. रंग तपकिरी-लाल हवा. साधा चुंबक फिरवला तर जवळपास काही चिकटू नये. मूठभर चिकटले तर पुन्हा भट्टीत. तिसरी गोष्ट वजन: २१२ ग्रॅम मिश्रणातून कार्बन डायऑक्साइडचे ५ ग्रॅम गेले, ऑक्सिजनचे सहा ग्रॅम आले, म्हणजे हाती २१३ ग्रॅमच्या आसपास उरले पाहिजे. २०८ भरले आणि सांडलेले काही नसेल, तर ऑक्सिजन आत गेलेला नाही. एवढी स्वस्त आणि एवढी खरे बोलणारी चाचणी दुसरी नाही.

पाण्यात उतरवणे

माल पुन्हा दळून १५० मायक्रॉनखाली आणा. ६०० मिलि पाणी ८५ अंशांवर नेऊन त्यात तो हळूहळू सोडा आणि तासभर ढवळा. तळाशी काही बसणार नाही एवढाच वेग पुरे. जास्त वेगाने फायदा काही नाही, फक्त बारीक गाळ होतो आणि गाळणकागद तुंबतो. गरम असतानाच बुकनर फनेलवर, म्हणजे पंपाने पाणी ओढून घेणाऱ्या गाळणीवर, गाळा आणि केक, म्हणजे वर उरलेला थर, दर वेळी १०० मिलि गरम पाण्याने असा तीनदा धुवा. प्रत्येक वेळी आधीचे पाणी पूर्ण ओढले गेल्यावरच पुढचे घाला. केकला भेग पडली तर पाणी त्या भेगेतून पळते आणि बाकीचा केक तसाच राहतो, म्हणून भेग दिसताच चमच्याने दाबून बुजवा.

आता हाती साधारण ८५० मिलि द्रावण असेल. ते अल्कधर्मी असते, आणि अल्कधर्मी द्रावणात व्हॅनेडेट जवळपास रंगहीन दिसते. पीएच १० असताना द्रावण लख्ख पिवळे दिसले तर आनंदू नका. तो बहुधा क्रोमेटचा, म्हणजे क्रोमियमच्या पिवळ्या क्षाराचा, रंग आहे. व्हॅनेडियम खरेच आहे का हे पाहायला दोन मिलि द्रावण परीक्षानळीत घ्या, सौम्य गंधकाम्लाने आम्लधर्मी करा आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाका. तांबूस तपकिरी रंग आला की व्हॅनेडियम आहे.

व्हॅनेडियम आणि क्रोमियमचा हा गोंधळ जुना आहे. १८०१ मध्ये मेक्सिकोत आंद्रेस मानुएल देल रिओ यांना शिशाच्या खनिजात हे मूलद्रव्य सापडले. क्षार तापवल्यावर लाल होतात म्हणून त्यांनी 'एरिथ्रोनियम' असे नाव दिले. फ्रान्समध्ये एका रसायनतज्ज्ञाने ते क्रोमियमच असल्याचे सांगितले आणि देल रिओंनी दावा मागे घेतला. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रॉम यांनी ते पुन्हा शोधले आणि आजचे नाव मिळाले. आपल्या टेबलावर हीच चूक अनुमापनात, म्हणजे ठाऊक ताकदीचे द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजण्यात, होते. नेहमीची रीत अशी: आम्लात परमँगनेटने सगळे व्हॅनेडियम पंचसंयुजी करायचे, जादा परमँगनेट नायट्राइट व युरियाने संपवायचे, आणि फेरस अमोनियम सल्फेटने अनुमापन करायचे. ०.१ नॉर्मल द्रावणाचा १ मिलि म्हणजे ९.०९ मिलिग्रॅम पेंटॉक्साइड. पण द्रावणात आधीच क्रोमेट असेल तर तेही फेरस खाते आणि व्हॅनेडियम फुगवून दाखवते. उत्पादन १०० टक्क्यांच्या वर निघाले की आधी क्रोमियम तपासा, पाठ नंतर थोपटा.

हिशेब द्रावणावरून करण्यापेक्षा उरलेल्या गाळावरून केलेला बरा. समजा धुऊन वाळवलेला गाळ २०३ ग्रॅम भरला आणि त्यात ०.२४ टक्के पेंटॉक्साइड सापडले. म्हणजे ०.४९ ग्रॅम मागे राहिले आणि ८५ टक्के उतरले. पहिल्याच खेपेला ८० ते ९० मध्ये आलात तर हात चांगला बसला आहे.

७० च्या खाली आलात, तर गाळ फेकू नका. त्यातला थोडा ५ टक्के गंधकाम्लात ६० अंशांवर तासभर ढवळून पाहा. बरेच व्हॅनेडियम उतरले तर ते भाजले गेले होते, पण कॅल्शियम व्हॅनेडेट किंवा ब्राँझच्या रूपात अडकले होते. तेव्हा चुना, सोड्याचे प्रमाण आणि थंड करण्याची रीत पाहा. काहीच उतरले नाही तर ते अजून मॅग्नेटाइटच्या चौकटीत किंवा सिलिकेच्या काचेत आहे, आणि दोष दळणात, हवेत किंवा तापमानात आहे. एका चाचणीत चुकीच्या निम्म्या वाटा बंद होतात.

द्रावण साफ करणे आणि घट्ट करणे

सोड्याबरोबर विरघळलेली सिलिका पुढे चिकट जेल होऊन गाळण बंद पाडते. द्रावणात सिलिकॉन किती आहे ते मोजून घ्या आणि १ ग्रॅम सिलिकॉनला १ ग्रॅम ॲल्युमिनियम या प्रमाणापासून सुरुवात करा. अठरा पाणी-रेणू असलेले ॲल्युमिनियम सल्फेट वापरले तर ते सुमारे १२ ग्रॅम होते. द्रावण ९० अंशांवर ठेवून हे घाला, सौम्य गंधकाम्लाने पीएच ९ वर आणा, तासभर ढवळा आणि निथळू द्या. तुरटीने गढूळ पाणी निवळते त्याच्याशी हे दिसायला मिळतेजुळते, पण इथे हात सैल सोडू नका. जादा ॲल्युमिनियम पडले तर फुगीर गाळ होतो आणि तो व्हॅनेडियमही धरून ठेवतो.

आम्ल थेंबाथेंबाने घाला. उरलेल्या कार्बोनेटमुळे फेस येतो आणि भांडे ओसंडते. आम्ल जिथे पडते तिथे नारिंगी रेघ उठते, ते डेकाव्हॅनेडेट, म्हणजे आम्लामुळे बनणारे व्हॅनेडेटचे रूप, असते. ढवळल्यावर ती रेघ विरली पाहिजे. चुकून सगळे द्रावण नारिंगी झाले, तर नुसता पीएच वर आणून भागत नाही. थंडपणी ते फार सावकाश मूळ रूपात येते. रंग जाईपर्यंत उकळा.

आता एक अडचण: ८५० मिलिमध्ये २.७ ग्रॅम पेंटॉक्साइड, म्हणजे लिटरला ३.२ ग्रॅम. एवढ्या पातळ द्रावणातून साका नीट बसत नाही. कारखान्यात ही अडचण उलट-प्रवाहाने सोडवतात: ताजे पाणी जवळजवळ धुतल्या गेलेल्या मालावर आणि सर्वात घट्ट द्रावण ताज्या मालावर. तुम्हीही पहिल्या फेरीचे गाळलेले द्रावण दुसऱ्या फेरीच्या मालावर वापरू शकता. एकच फेरी करायची असेल तर साफ केलेले द्रावण आटवून १०० मिलिवर आणा.

साका बसवणे

इथे नवसागर लागतो, म्हणजे अमोनियम क्लोराइड. सोडियम मेटाव्हॅनेडेटच्या द्रावणात तो घातला की पांढरे अमोनियम मेटाव्हॅनेडेट खाली बसते. २.७ ग्रॅम पेंटॉक्साइडला हिशेबाने १.६ ग्रॅम नवसागर पुरतो, पण आपण ८ ग्रॅम घालणार आहोत. कारण अमोनियम मेटाव्हॅनेडेट २० अंशांच्या साध्या पाण्यात लिटरला सुमारे ५ ग्रॅम विरघळते. १०० मिलिमध्ये अर्धा ग्रॅम असाच निसटेल, आणि एकूण माल साडेतीन ग्रॅमच आहे. द्रावणात अमोनियम भरपूर असले की ही विद्राव्यता कितीतरी खाली येते.

पीएच ८ ते ८.५ ठेवा. ९ च्या वर गेला तर अमोनिया वायू होऊन उडतो, वास लगेच सांगतो. ६ च्या खाली गेला तर पांढऱ्याऐवजी नारिंगी प्रकरण सुरू होते. तापमान २५ अंशांच्या आसपास हवे. नागपूरच्या मे महिन्यात नळाचेच पाणी कोमट असते, तिथे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवल्याशिवाय पूर्ण साका मिळणार नाही. चार तास सावकाश ढवळा, जमले तर रात्रभर राहू द्या. गाळल्यावर साध्या पाण्याने धुऊ नका, माल वाहून जातो. २ टक्के नवसागराच्या थंड पाण्याने दोनदा आणि शेवटी अगदी थोड्या थंडगार पाण्याने एकदा, एवढेच. ६० अंशांवर वाळवा. ३.२ ते ३.४ ग्रॅम मिळाले तर छान.

बरेच कारखाने दुसरी वाट धरतात: पीएच २ ते २.५, तापमान ९० च्या वर आणि अमोनियम सल्फेट. त्यातून नारिंगी-पिवळे अमोनियम पॉलिव्हॅनेडेट मिळते आणि अमोनियम कमी लागते. मात्र अमोनियम कमी पडले तर सोडियम त्याच्याबरोबर खाली बसतो आणि माल अशुद्ध होतो. पोलादासाठी असा माल खपून जातो, व्हॅनेडियम फ्लो बॅटरीच्या द्रवासाठी नाही. शिकताना पांढरा साका बरा, कारण चूक रंगावरूनच कळते.

शेवटचे तापवणे

वाळलेला साका उथळ बशीत पसरून, हूडखाली, दार किलकिले ठेवून ५०० अंशांवर दोन तास तापवा. अमोनिया आणि पाणी निघून जाते, वजन २२ टक्क्यांनी घटते आणि पिवळसर-नारिंगी पेंटॉक्साइड उरते. काळपट किंवा हिरवट आले तर निघालेल्या अमोनियानेच व्हॅनेडियमला खाली ओढले आहे. हवा कमी पडली. ढवळून पुन्हा ५०० वर तासभर ठेवा, रंग परत येतो. ६५० च्या पुढे जाऊ नका. पेंटॉक्साइड ६९० अंशांच्या आसपास वितळते आणि बशीला जे चिकटते ते सुटत नाही. कारखान्यात ते मुद्दाम वितळवून थंड फिरत्या चाकावर ओततात आणि पापुद्र्यांच्या रूपात विकतात.

या टप्प्यावर तोंडावर योग्य रेस्पिरेटर हवाच, साधा कापडी मास्क नव्हे. पेंटॉक्साइडची धूळ श्वासनलिकेला झोंबते, खोकला दिवसभर मागे लागतो. जीभ हिरवी होणे ही या धुळीची ओळखीची खूण आहे, आणि ती दिसली म्हणजे धूळ आत गेलेली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या ऑक्साइडला मानवात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. बशी खरवडताना फुंकर मारायची सवय असेल तर ती आधी मोडा.

मोठ्या भट्टीत काय बदलते

प्रयोगशाळेत जे हाताने ढवळले ते तिथे फिरणारी भट्टी करते, पण तिला स्वतःची दुखणी असतात. सर्वात त्रासाचे म्हणजे कडे. वितळलेला सोडा, सिलिका आणि बारीक धूळ मिळून भट्टीच्या भिंतीवर थर धरतात, तो वाढत जाऊन आतून वलय बनते आणि माल अडतो. कोळसा जाळला तर त्याच्या राखेतली सिलिकाही यात भर घालते. म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात फक्त उत्पादनाचा आकडा देऊन थांबू नका. किती तापमानाला गाठी होऊ लागल्या तेही लिहा. भट्टी चालवणाऱ्याला उत्पादनातील दोन टक्क्यांपेक्षा ती माहिती जास्त उपयोगी पडते.

दुसरे म्हणजे उरलेले पाणी. साका काढल्यावर मागे राहिलेल्या द्रावणात सोडियमचे क्षार, अमोनियम आणि भाजण्यात तयार झालेले षट्संयुजी क्रोमियम असते. ते मोरीत जाता कामा नये. हूडखाली गंधकाम्लाने पीएच २.५ वर आणा, सोडियम मेटाबायसल्फाइट घालून क्रोमियम त्रिसंयुजी करा. पिवळा रंग जाऊन हिरवट छटा येते. मग कॉस्टिक सोड्याने पीएच ८.५ वर नेऊन गाळ बसवा, गाळ वेगळा साठवा आणि घातक कचऱ्यात द्या. कॉस्टिक घालताना अमोनियाचा वास येईल, तेव्हा हूड चालूच राहू द्या. भाजलेल्या दगडाचा लाल गाळही उघड्यावर टाकू नका. धुऊनही त्यात विरघळणारा सोडियम आणि थोडे व्हॅनेडियम उरते, आणि पहिल्या पावसात ते जमिनीत उतरते.

दुसरी फेरी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी सिलिका, मग सोड्याचे प्रमाण, मग तापमान, याच क्रमाने. प्रत्येक फेरीत भाजल्यावरचे वजन, चुंबकाची चाचणी आणि गाळातील टक्केवारी या तीन नोंदी वहीत शेजारीशेजारी ठेवा.